हललेला बोया

सुनेत्राबाईंनी दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच नोंदी लिहिणाऱ्या हिमानीला सांगितलं, "लिख ले, शोवेलर बत्तख एक सौ चौदह." मग मराठीत विचारलं, "अच्युतराव, तुमचे किती भरले?"

"एकशे बारा."

"दोन कुठे बुडवलेत? जन्मभर होड्या हाकल्यात ना तुम्ही, की नुसत्या बुडवल्यात?"

"बुडवल्याही आहेत," अच्युत केळुसकर म्हणाले आणि पुन्हा मोजायला लागले. या वेळी एकशे पंधरा भरले, म्हणून ते गप्प राहिले.

मोहालीजवळच्या सुखना तलावावर हिवाळ्यात दर महिन्याच्या एका रविवारी पक्षी मोजायला पंधरा-वीस हौशी माणसं जमत. त्यांच्या मुख्य होत्या सुनेत्रा कारखानीस. विद्यापीठात पस्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, बासष्ट वर्षांच्या, खणखणीत आवाजाच्या. अच्युतराव त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे. बायको गेल्यावर ते मोहालीला मुलाकडे आले, त्याला हा तिसरा हिवाळा. मुलाचं घर मोठं होतं, माणसं चांगली होती. पण प्रणव दिवसभर कंपनीच्या कॉलवर, सून क्षितिजा सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात, आणि नात मराठी समजून हिंदीत उत्तर देणारी. वारा तर या गावाला जवळजवळ नाहीच. झाडांची पानं हलली तरी अच्युतराव खिडकीशी जाऊन उभे राहत. कोकणच्या किनाऱ्यावर दहा वर्षं कासवांची अंडी राखणाऱ्या मंडळींबरोबर काढलेल्या माणसाला तलावाकाठी बदकं मोजायचं काम सापडलं, आणि तिथे सुनेत्राबाई भेटल्या, हे त्यांना स्वतःच्या लायकीपेक्षा जास्तच वाटत असे.

दोघांची ओळख मात्र जुनी होती. पहिल्याच गणतीला आडनाव वाचून सुनेत्राबाई ओरडल्या होत्या, "केळुसकर? मुंबई बंदरातले? सत्याऐंशी साली माझ्यामागून दुसरे आलेले?"

आज गणती संपल्यावर थर्मासातला चहा ओतताना हिमानीने विचारलं, "मॅम, आप सर को पहले से जानती हैं?" झालं. अच्युतरावांनी कप खाली ठेवला. ती गोष्ट आता पाचव्यांदा ऐकायची होती.

सुनेत्राबाई ती हिंदीत सांगत, मध्येच मराठीत त्यांच्याकडून "हो की नाही?" असं वदवून घेत. सत्याऐंशीच्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात एकट्याने हाकायच्या शिडाच्या होड्यांची निवड-शर्यत होती. परदेशी जाणाऱ्या संघात एकच जागा. तेव्हा ती चोवीस वर्षांची, तीस होड्यांत एकटी मुलगी. वळणाची खूण म्हणून तरंगणाऱ्या शेवटच्या बोयापाशी सगळ्यांत पुढे अच्युत, त्याच्या मागे ती, बाकीचे कुठल्या कुठे. वळताना तिच्या शिडाच्या काठीचा बोयाला धक्का लागला. आता या खेळात पाण्यावर शिट्टी घेऊन पंच नसतो. धक्का लागला तर तुमचं तुम्ही त्या बोयाला पुन्हा फेरी मारायची, कोणी बघो न बघो. आणि दुसऱ्याने फेरी चुकवली असं तुम्हाला वाटलं, तर तिथल्या तिथे ओरडून लाल निशाण लावायचं. मग संध्याकाळी पाचजण बसतात, दोघांचं ऐकतात आणि निकाल देतात.

"मी फेरी मारली," सुनेत्राबाई म्हणाल्या. "पूर्ण. नामदेव म्हणून सुरक्षा-होडीवर होते, त्यांच्या डोळ्यांदेखत. मग डावीकडे नवीन वारा दिसला, तो पकडला आणि दहा हातांनी जिंकले. चार दिवसांनी एका पेपरात कोणी 'तांडेल' नावाने लिहिलं की बोया हलला, आणि ताई तशाच पुढे गेल्या. बस. निवड समितीने निकाल कायम ठेवला, पण संघात कोचीच्या एका मुलाला घेतलं. म्हणे वाद नको."

"फिर?" हिमानीने विचारलं.

"फिर क्या. पुढच्या वर्षी इथे नोकरी लागली, इथे आले. समुद्र नाही, ते बघूनच आले. पण हे बघ." त्यांनी अच्युतरावांच्या खांद्यावर दुर्बिणीची पिशवी हलकेच आपटली. "याला सभ्य माणूस म्हणतात. दुसरा आला होता. नुसतं निशाण लावलं असतं तरी मला त्रास देता आला असता. नाही लावलं. कारण याने मला फेरी मारताना पाहिलं होतं. हो की नाही, अच्युतराव?"

"चहा गार होतोय," अच्युतराव म्हणाले.

त्यांच्या खांद्यावरच्या झोळीत पुण्याहून आलेली पुस्तकाची मुद्रितं होती. 'शीडवारा' या सदरातले निवडक बासष्ट लेख. मुखपृष्ठावर छापलं होतं: अच्युत केळुसकर, आणि खाली कंसात, 'तांडेल'.

*

बाहेरून पाहिलं तर त्यांचं आयुष्य चांगलं गेलं होतं. मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक, शनिवार-रविवार शर्यती, अकरा वर्षं सदर, मग स्वतःचं शिडाच्या होड्यांवरचं त्रैमासिक, आणि म्हातारपणी कासवं. सदराला टोपणनाव घेतलं ते लाजेने. ज्यांच्याबरोबर शर्यतीत उतरायचं त्यांच्याविषयी लिहायचं, म्हणजे ओळखू न येणंच बरं. ते नाव दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि क्रीडा पानाच्या बाबुरावांना.

त्या दिवशी त्यांनी लाल निशाण लावलं नव्हतं, हे खरं. निशाण लावलं असतं तर संध्याकाळी पाचजणांपुढे उभं राहून बोलावं लागलं असतं. समोर ती मुलगी बसली असती. मुलीकडून हरला म्हणून रडतोय, असं कोणीतरी म्हणालं असतं. बोलायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडे. लिहिताना पडत नसे. म्हणून जे पाण्यावर ओरडून सांगायचं ते त्यांनी चार दिवसांनी खोलीत बसून लिहिलं. लेख छान उतरला. 'हललेला बोया'. बाबुरावांनी तर पाठ थोपटली होती.

आठवड्याने बाबुरावांनी एक पाकीट त्यांच्या टेबलावर टाकलं. "तुझ्या लेखातल्या ताईचं पत्र आहे. छापायचं तर छाप, तुझं सदर, तू बघ." दीड पानाचं, गोल अक्षरातलं पत्र. मी फेरी मारली, सुरक्षा-होडीवरच्या नामदेवांना विचारावे, आणि 'तांडेल' यांनी मला समोर बोलावून विचारले असते तर मी तेव्हाच सांगितले असते. अच्युतरावांनी ठरवलं, आधी नामदेवांना विचारू, मग छापू. नामदेव दर शनिवारी त्याच धक्क्यावर होडी बांधायचे. दर शनिवारी रामराम व्हायचा. विचारणं झालं नाही. बारा वर्षांनी नामदेव गेले. पत्र त्यांनी भरती-ओहोटीच्या एका जुन्या तक्तापुस्तकात ठेवलं होतं, आणि मुंबईहून मोहालीला येताना अर्धी पुस्तकं वाटून टाकली तरी ते पुस्तक आणलं होतं.

संध्याकाळी प्रकाशनाच्या संपादक वल्लरीचा फोन आला. ती तिशीतली, भरभर बोलणारी.

"सर, क्रम बदललाय. 'हललेला बोया' पहिला घेतलाय. काय लेख आहे तो. स्वतः शर्यतीत हरलाय माणूस, आणि कुठे कडवटपणा नाही. आजकाल कोण लिहितं असं?"

"त्यात एक... त्याबद्दल मला थोडं..."

"तारखेत चूक आहे का?"

"नाही. तारीख बरोबर आहे."

"मग झालं तर. बुधवारी छपाईला जातंय हं, पक्कं."

फोन ठेवल्यावर क्षितिजाने स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबा, पुस्तक आलं की सुनेत्राताईंना पहिली प्रत द्यायची ना? त्यांना किती आनंद होईल. शर्यतीतल्या जुन्या मैत्रीण तुमच्या."

"देऊ," अच्युतराव म्हणाले.

त्यांनी टेबलाशी बसून एक निवेदन लिहिलं. लेखानंतर तिचं पत्र छापायचं आणि त्याखाली हे निवेदन. सोमवारची सगळी सकाळ त्यात गेली. चार पानं झाली. वाचून पाहिलं तर चांगलं वाटलं, आणि चांगलं वाटलं याचीच शंका आली. एकदा फाडलं, मग पुन्हा तेच लिहिलं. परवानगी तर घ्यायलाच हवी होती. परवानगी हा शब्द त्यांनी मनाशी धरून ठेवला होता. खरं तर त्यांना हवं होतं ते एवढंच की त्या बाईने सगळं ऐकून घ्यावं, चार शिव्या द्याव्यात आणि पुढच्या गणतीला विचारावं, तुमचे किती भरले.

*

मंगळवारी ते बसने सेक्टर त्रेचाळीसच्या अड्ड्यावर उतरले. तिथे शिमल्याच्या गाड्यांचे पुकारे ऐकत अर्धा तास बसून राहिले आणि मग रिक्षाने सुनेत्राबाईंच्या घरी गेले.

"अरे वा, न सांगता? पक्के मुंबईकर राहिला नाहीत तुम्ही," दार उघडून त्या म्हणाल्या. "बसा. गाजराचा हलवा आहे, शेजारच्या सरदारणीने दिलाय. साखर चालते ना?"

"सुनेत्राबाई, आधी मला एक सांगायचंय."

"सांगा की. मी कानाने ऐकते, हाताने वाढते."

त्यांनी मुद्रितांचं पहिलं पान टेबलावर ठेवलं. सुनेत्राबाईंनी ते वाचलं. आधी हसल्या.

"'तांडेल'? हे काय, त्याने तुम्हाला प्रस्तावना लिहिलीय?"

"नाही. तो मीच."

हलव्याची वाटी सुनेत्राबाईंच्या हातात होती. त्यांनी ती अच्युतरावांसमोर ठेवली, चमचाही ठेवला. मग समोरच्या खुर्चीत बसल्या.

"तुम्ही."

"हो."

"तुम्ही बोया हलताना पाहिलात?"

"आवाज आला म्हणून मान वळवली. हलताना दिसला."

"आणि त्यानंतर वळून पाहिलंत?"

"नाही."

"मग मी तशीच पुढे गेले, हे कसं लिहिलंत?"

अच्युतरावांनी या प्रश्नाचं उत्तर चार पानांत लिहिलं होतं, पण आता त्यातलं एक वाक्य आठवेना. "तुम्ही मला मागे टाकलंत. फेरी मारून कोणी मला गाठेल असं... मला वाटलं नाही."

"कोणी, की मुलगी?"

अच्युतरावांनी वाटीतला चमचा उगाच सरळ केला.

"मी पत्र पाठवलं होतं पेपरला. ते मिळालं नसेल. आई म्हणायची, पोस्टात गहाळ झालं असेल. मी कितीतरी वर्षं पोस्टाला शिव्या देत होते."

अच्युतरावांनी झोळीतून तक्तापुस्तक काढलं, त्यातून पत्र काढलं आणि पुढे केलं. सुनेत्राबाईंनी चष्मा लावला. दीड पान वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"अक्षर किती गोल होतं माझं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नामदेवांना विचारलंत?"

"नाही."

"भेटायचे की नाही?"

"दर शनिवारी."

सुनेत्राबाईंनी पत्र घडीवर घडी घालून हातात धरलं. अच्युतरावांनी घाईघाईने निवेदनाची पानं काढली. "मी हे लिहिलंय. तुमचं पत्र जसंच्या तसं छापायचं, लेखाच्या लगेच नंतर. आणि खाली हे. माझी चूक पूर्ण कबूल केलीय. तुमची परवानगी असेल तर."

"किती पानं आहेत?"

"चार."

"माझं पत्र दीड पान आहे," सुनेत्राबाई म्हणाल्या. "म्हणजे आता लोक माझं दीड पान वाचतील आणि मग तुमची चार. आणि म्हणतील, काय प्रामाणिक माणूस आहे हो. नाही छापायचं. हे पत्र त्या आठवड्यात छापायचं होतं. आता ते माझ्याकडे राहील."

"मग तो लेखच काढतो."

"काढा, नाहीतर ठेवा. ते तुमचं पुस्तक आहे. त्याचाही निर्णय माझ्याकडून करवून घेऊ नका." त्यांनी चष्मा काढला. "एक विचारू? पुस्तक निघालं नसतं तर आला असतात?"

हो म्हणावं असं त्यांना फार वाटलं. अडतीस वर्षं पत्र जपून ठेवलं, हा पुरावा होता की. पण जपणं आणि लपवणं यांत त्यांनी कधी फरक केला नव्हता, हे त्यांनाच माहीत होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"मला माहीत आहे. सत्याऐंशी साली तुम्ही पस्तिशीपुढचे होतात का? नव्हतात. तेहतीसचे होतात. हरलात, राग आला, लिहिलंत. ते एक वेळ मी समजू शकते, यार, मीही वर्गात पोरांवर रागावून मार्क कापलेत. पण हे तीन हिवाळे? मी त्या पोरीसमोर तुमचं कौतुक करत होते आणि तुम्ही माझाच चहा पीत होतात. 'हो की नाही' विचारलं की मान खाली घालत होतात. मला वाटायचं, किती विनयी माणूस."

आता अच्युतरावांनी सॉरी म्हटलं. शब्द इतका हलका निघाला की त्यांनी तो पुन्हा म्हटला.

"हलवा खा," सुनेत्राबाई म्हणाल्या. "वाढलेलं टाकून जाऊ नका."

त्यांनी खाल्ला. त्या समोर बसून राहिल्या, आणि वाटी रिकामी झाल्यावर उठून दार उघडलं.

*

बुधवारी सकाळी त्यांनी वल्लरीला फोन केला. लेख काढायचा, हे वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

"काढायचा? सर, तो पहिला आहे. का पण?"

"त्यातली एक गोष्ट बरोबर नाही."

"कुठली?"

सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. पलीकडे कोणीतरी वल्लरीला हाक मारत होतं, छपाईवाला थांबला होता. "शैली जरा जुनी वाटते," ते म्हणाले.

"असं काही नाही हो. तुम्हाला उगाच शंका येतात. राहू दे ना?"

"राहू दे," अच्युतराव म्हणाले.

पुस्तक जानेवारीत आलं. एका साप्ताहिकात पाव पान परीक्षण आलं, त्यात पहिल्या लेखाचा खास उल्लेख होता. क्षितिजाने ते कापून फ्रिजवर लावलं. पहिली प्रत द्यायची तिने दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्यांदा अच्युतराव म्हणाले, त्यांच्याकडे आहे. जानेवारीच्या गणतीला ते सर्दीचं निमित्त सांगून गेले नाहीत.

फेब्रुवारीच्या गणतीला गेले. जाऊ नये हे त्यांना कळत होतं, पण घरी बसून खिडकीतून पानं किती वेळ बघणार. तलावाकाठी माणसं जमली होती. कोणी कुठे मोजायचं ती यादी हिमानीने वाचून दाखवली. मागे रानाकडच्या बाजूला मॅम आणि ती स्वतः. अच्युतरावांचं नाव बंधाऱ्याच्या टोकाला, जिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि पक्षी फारसे नसतात. सोबतच्या रकान्यात कोणी नव्हतं. कोणी चुकून विसरलंय असं त्यांना क्षणभर वाटलं, पण सुनेत्राबाई कधी काही विसरत नसत.

दोन तासांत त्यांनी एकोणीस वारकरी पाणपक्षी आणि चार बगळे मोजले. शेवटी, पलीकडच्या चिखलात, लव्हाळ्याच्या कडेला, एक मोठा पक्षी उभा दिसला. काळा, पोट पांढरं, चोच आणि पाय लाल. काळा करकोचा. इथे तो क्वचितच कोणाला दिसतो. त्यांनी हात स्थिर करून पाहिलं. पाच मिनिटं पाहिलं. चोच पाहिली, पाय पाहिले, मान वळवतानाची हिरवी झाक पाहिली. आयुष्यात इतक्या खात्रीने त्यांनी काही पाहिलं नव्हतं. आसपास फिरणाऱ्यांपैकी कोणाला बोलवावं असं मनात आलं, पण अनोळखी माणसाला हाक कशी मारायची, या विचारात पक्षी उडाला.

कागद द्यायला गेले तेव्हा सुनेत्राबाई दगडी बाकावर बसून एकेकाचा तक्ता तपासत होत्या. सगळे भोवती उभे होते. अच्युतरावांच्या कागदावर त्यांची पेन्सिल शेवटच्या ओळीशी थांबली.

"ब्लॅक स्टॉर्क," त्या म्हणाल्या. मग मान वर केली आणि हिंदीत विचारलं, "केळुसकरजी, आपके साथ किसने देखा?"

अच्युतराव मराठीत म्हणाले, "मी एकटाच होतो. पण पाच मिनिटं पाहिला, अगदी नीट."

"जो पक्षी कम दिखता है, उसे दो लोगों ने देखा हो तभी दर्ज होता है. आपको तो पता है." आवाजात राग नव्हता. बँकेतल्या बाई सही जुळत नाही असं सांगतात, तसा तो आवाज होता.

"फिर हटा दीजिए," अच्युतराव म्हणाले.

सुनेत्राबाईंनी त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, बाजूला आद्याक्षरं लिहिली आणि कागद गठ्ठ्यात खाली सरकवला. मग पुढच्या मुलाकडे हात केला. अच्युतराव थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मागे रांग होती, म्हणून बाजूला झाले.